नेपल्सहून एका दिवसात पाँपेई आणि व्हेसुव्हियसची वायनरी दोन्ही जमेल का? आईबाबा सोबत आहेत.

जमेल, आणि वायनरीसाठी वेगळा दिवस अजिबात काढू नका, कारण या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पाहिल्या तरच खरी मजा कळते.

नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनवरून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमवेसुवियाना लोकल पकडा, ‘पाँपेई स्कावी’ला उतरलात की समोरच पोर्ता मरीना गेट. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, त्यावर नाव लागतं आणि दिवसाला 20,000 लोकांचीच मर्यादा आहे. आईबाबांना चांगल्या ग्रिपचे बूट घालायला लावा, रस्ते मोठ्या दगडांचे आहेत आणि त्यात गाड्यांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्यात, पाय मुरगळू शकतो.

सगळं बघायच्या मागे लागू नका. फोरम म्हणजे जुन्या शहराचा मुख्य चौक बघून सरळ व्हिया देल अब्बोंदान्झाने चालत सुटा, वाटेत खाण्यापिण्याची दुकानं लागतात, ओट्यात बसवलेल्या मडक्यांची गोल तोंडं अजून दिसतात. टोकाला अँफिथिएटर आहे, आणि त्याच्याजवळच जे बघायला बहुतेक ग्रुप थांबतच नाहीत ते आहे, द्राक्षाचा मळा! आधी ही गुरांच्या बाजाराची जागा समजायचे. 1960च्या दशकात विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन बाईंनी इथे खोदकाम केलं. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पाँपेई शहर राखेखाली गेलं, त्या राखेत गाडलेली मुळं कुजून गेली पण त्यांच्या पोकळ्या तशाच राहिल्या होत्या, त्या रिकाम्या करून त्यात सिमेंट ओतलं तर मुळाचा हुबेहूब साचा मिळाला, अशा दोन हजारांच्या वर वेली निघाल्या. आज तिथे पुन्हा वेली लावल्यात. मला आख्ख्या पाँपेईत या जागेइतकं काहीच आवडलं नाही.

तिथून अँफिथिएटरच्या गेटने बाहेर पडा, त्रेकासे, बॉस्कोत्रेकासे, तेर्झिन्यो या गावांतल्या वायनऱ्या टॅक्सीने जवळ आहेत. जेवणासकट टेस्टिंग आधी बुक करा. ‘लाक्रिमा क्रिस्ती’ ही इथली वाईन मागा, लाल वाईन मुख्यतः पिएदीरोस्सो द्राक्षाची. मळ्यातली काळी माती हातात घेऊन बघा, भुरभुरीत आणि हलकी, युरोपभर मळे खाऊन टाकणारी फिलॉक्सेरा कीड अशा मातीत टिकत नाही म्हणून इथे बऱ्याच वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

आणि आपल्यासाठी खास म्हणजे इटलीची वाईन तेव्हा महाराष्ट्रापर्यंत यायची, नेवाशाला रोमन वाईनच्या मडक्यांचे तुकडे सापडलेत. उलट दिशेने, पाँपेईच्या एका घरात 1938 मध्ये आपल्याकडची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तशाच धाटणीच्या मूर्ती तेर आणि भोकरदनला निघाल्यात. ती नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये ठेवलीय, दुसऱ्या दिवशी तिथेच जा, फक्त मंगळवार टाळा, बंद असतं.