तळ्याचा गाळ, नाल्याचं पाणी आणि गावाचा आराखडा : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका ग्रामपंचायतीत मी दोन वेळा सदस्य होते. त्यामुळे या सदराकडे येणारी पंचायतीची पत्रं संपादक माझ्याकडे देतात. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं पाण्याची आहेत.

अक्का, आमचं गाव मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातलं. गावाला जुनं तळं आहे, पण ते गाळानं भरत आलंय. फेब्रुवारीतच कोरडं पडतं आणि त्याच्या खालच्या विहिरी तळ गाठतात. ग्रामसभेत आम्ही मुलांनी दोनदा विषय काढला. 'बघू' म्हणाले. कामांच्या यादीत मात्र परत गटार, पेव्हर आणि हायमास्ट दिवे. तळं आराखड्यात घालायचं तरी कसं? — एक तरुण शेतकरी

दादा, तुम्ही ग्रामसभेत कधी बोललात ते पत्रात लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे, विहिरी आटल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. पाण्याची आठवण सगळ्यांना तेव्हाच होते, पण तोवर पुढच्या वर्षाचा आराखडा ठरून गेलेला असतो. २०१८ पासून देशभर लोकसहभागातून गावाचा आराखडा करायची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि पुढचे काही महिने चालते. म्हणजे आपल्याकडे भाताची कापणी-मळणी ऐन भरात असते तेव्हा. ज्याचं तळ्यावाचून अडतं तो शिवारात असतो, आणि ज्याला रिकामा वेळ आहे तो सभेत बसून यादी लिहून देतो. म्हणून पहिलं काम हे की ऑक्टोबरमधली वॉर्डसभा चुकवायची नाही. कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात वॉर्डसभेला जागा आहे. वॉर्डातल्या मागण्या तिथे क्रम लावून ग्रामसभेकडे जातात. वॉर्डसभेत आपला विषय पहिल्या नंबरला लागला, की ग्रामसभेत त्याला नुसतं 'बघू' म्हणून उडवणं अवघड जातं.

दुसरं, मोजून मागा. 'तळ्यात गाळ साठलाय' हे सगळ्यांना दिसतं, पण त्यावर अंदाजपत्रक होत नाही. तळं कोरडं असेल तेव्हा चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन जुना तळ किती खोल लागतो ते बघा. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. बांधाच्या आतल्या बाजूच्या किती पायऱ्या पूर्वी उघड्या असायच्या ते त्यांना आठवतं. मग साधा हिशेब करा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर एक फूट गाळ असेल तर १०८९ घनफूट, म्हणजे १०० घनफुटांच्या ट्रॉलीच्या ११ खेपा. आणि तेवढ्या जागेत जवळजवळ ३१ हजार लिटर पाणी मावलं असतं. तुमचं तळं दोन एकरांचं आणि गाळ सरासरी तीन फूट धरला, तर सुमारे ७४ लाख लिटरची जागा गेली आणि अडीच हजारांहून जास्त खेपा गाळ काढावा लागेल. हे आकडे कागदावर घेऊन उभे राहा. सभेचा सूरच बदलतो, हे मी पाहिलंय.

अडीच हजार खेपा ऐकून अध्यक्ष म्हणतील, एवढा गाळ टाकायचा कुठे? उत्तर शिवारातच आहे. उचगाव, बेळगुंदी भागात आपण रताळी-बटाटे घेतो ती तांबडी जमीन ओल धरत नाही. तळ्याचा गाळ तिला हवाच असतो. पंचायतीनं फक्त खोदून ट्रॉली भरून द्यायची आणि वाहतूक शेतकऱ्यानं आपापली करायची, असं ठरलं तर खर्च बराच कमी होतो. कोण किती खेपा नेणार त्याची सह्यांची यादी आधीच करून वॉर्डसभेत द्या.

तळं कोणाच्या ताब्यात आहे तेही विचारून घ्या. ४० हेक्टरपेक्षा कमी लाभक्षेत्राची (म्हणजे तळ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीची) तळी पंचायत राज संस्थांकडे असतात, त्यावरची दोन हजार हेक्टरपर्यंतची लघु पाटबंधारे खात्याकडे. हे माहीत नसलं की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि पाऊस सुरू होतो.

पैशाचं म्हणाल, तर पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिली होती. त्यातली निम्मी पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. या पाच वर्षांत तुमच्या पंचायतीत त्या रकमेतून काय झालं, हे ग्रामसभेत लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि उत्तर मिळालं की पुढच्या आराखड्यासाठी बोलायला जमीन तयार होते.

खोदाईबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच तळी कायमची बिघडतात. आमच्या गावात काम सुरू झालं त्या दिवशी जेसीबीवाला सोपं पडतं म्हणून बांधाच्या अगदी पायथ्याशी लागला होता. एक आजोबा यंत्रासमोर जाऊन उभे राहिले. काठी आडवी धरून म्हणाले, "हितनं चार पावलं सोड, मग खण." पायथा खणला की पाणी भरल्यावर बांध आतून सरकतो, हे त्यांनी पूर्वी एका तळ्यावर बघितलेलं होतं. पायथा सोडून, आत उतरत्या ढाळानं खणलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्हाभर नद्यांना पूर आले, तेव्हा आमचा बांध जागचा हलला नाही. दुसरी काळजी तळाची. गाळाखाली चिकणमातीचा थर असतो, तोच पाणी धरतो. काळा-करडा गाळ संपून चिकट माती लागली की थांबायचं. हावेनं मुरुमापर्यंत गेलात, तर तळं दिसायला खोल होतं आणि डिसेंबरातच रिकामं होतं.

आणि गाळ येतो कुठून, तेही बघा. वरच्या माळावर माती उघडी असेल तर पाच-सहा पावसाळ्यांत तळं परत भरेल. तळ्यात येणाऱ्या ओढ्यावर दगडांचे लहान बांध आणि वरच्या बाजूला झाडं, हे त्याच मागणीत लिहा. वेगळं मागितलं तर कधीच होत नाही.

पेव्हरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चिखलाची गल्ली नीट व्हायलाच हवी. पण देवळापुढचं पटांगण, शाळेचं मैदान, विहिरीभोवतीची जागा असं सगळंच फरसून टाकायचं आणि मग उन्हाळ्यात टँकर मागवायचा, हे मला पटत नाही.

आमच्या पंचायतीत आराखडा कन्नडमध्ये असतो. सभेत भराभर वाचतात, आम्ही हात वर करतो. नंतर कळतं की आमच्या वाडीचं कामच त्यात नव्हतं. काय करावं? — खानापूर तालुक्यातली एक भगिनी

ताई, भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, ही तरतूद जुनी आहे. तिच्या अंमलासाठी सीमाभागात किती मोर्चे निघाले ते तुम्हालाही माहीत आहे. ती मागणी रास्त आहे आणि सोडायची नाही. पण आराखडा तिच्यासाठी थांबून राहत नाही, म्हणून आज करता येण्यासारखं सांगते.

न कळलेल्या कागदावर हात वर करायचा नाही. "साहेब, एकेक काम मराठीत सांगा," असं सभेत उभं राहून म्हणायचं. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, धारवाड-गदगकडचे असतील आणि त्यांना मराठी जमत नसेल, तर सदस्य आपलेच असतात, त्यांनी सांगावं. आमच्याकडे बचत गटातल्या बायकांनी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला सोबत आणायला सुरुवात केली. तिचं कन्नड चांगलं. ती शेजारी बसून यादी वाचायची आणि आमच्या वहीत मराठीत उतरवून द्यायची. सभा संपायच्या आत इतिवृत्तात आपलं काम कोणत्या नंबरला लिहिलंय ते बघायचं आणि मगच सही करायची. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावरही चढवतात, तो मोबाइलवर उघडून वहीशी ताडून बघा. फरक दिसला तर तालुका पंचायतीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात आमच्या भातात घुसतं. रोप लावून झालं की आठ-आठ दिवस पाण्याखाली. तात्पुरता उपाय नको, कायमचा सांगा. — वडगाव शिवारातले एक शेतकरी

काका, तुमच्या पत्रातली तळमळ मला कळते. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर हे शिवार म्हणजे बेळगाव बासमतीचं माहेर, आणि तिथेच रोपं कुजतात. एका सदरात कायमचा उपाय सांगण्याइतकी मी मोठी नाही, पण मागणी कशी असावी ते सांगू शकते.

जलपर्णी आणि गाळ काढायचं काम मेअखेर पूर्ण झालं पाहिजे. पाऊस पडल्यावर काढलेली जलपर्णी काठावर टाकतात आणि पुढच्या लोंढ्यात ती परत आत येते. म्हणून निविदा जानेवारी-फेब्रुवारीत निघावी, ही तारखेसकट मागणी करा. दुसरं, नाल्याची मूळ रुंदी. भूमापन खात्याच्या नकाशावर ती असते. तो नकाशा अर्ज करून घ्या, मोजणी मागा आणि अतिक्रमण कुठे आहे ते सर्व्हे नंबरासह लिहा. नुसतं 'अतिक्रमण हटवा' म्हटलं की जबाबदारी कोणावरच येत नाही.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाला शहरातून येतो आणि शिवारातून पुढं जातो, पण वरच्या भागाचा आराखडा महापालिका करते आणि खालच्या भागाचा ग्रामपंचायती. वर काँक्रीट वाढलं की पाणी खाली लवकर आणि जास्त येतं. वर नाला बांधून काढला आणि खाली तो तसाच अरुंद राहिला, तर तुमच्या शेताचं तळं होणार. म्हणून नाल्याकाठच्या सगळ्या गावांनी आणि शहरातल्या शेतकऱ्यांनी एकच निवेदन करून जिल्हाधिकाऱ्यांकडे एकत्र बैठक मागावी. सगळ्या खात्यांना एका टेबलावर बसवायचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

आमच्या जुन्या घराच्या परसात विहीर आहे. आता चोवीस तास नळ येणार म्हणून मुलगा म्हणतो बुजवून गाडी लावायला जागा करू. तुमचं मत? — शहापूरच्या एक आजी

आजी, बुजवू देऊ नका. नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून येतं. तिथं पाऊस कमी पडला की चोवीस तासांचा नळसुद्धा काय करणार? १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर शंभर वर्षांनीही आहे. शहरातल्या आणखी काही जुन्या विहिरी गाळ काढून परत वापरात आणल्या गेल्या.

उन्हाळ्यात गाळ काढून घ्या आणि वर घट्ट जाळी बसवा. घराचं छप्पर हजार चौरस फूट असेल, तर हजार मिलिमीटर पावसात त्यावर सुमारे ९३ हजार लिटर पाणी पडतं. आपल्याकडे पाऊस त्याहून जास्तच असतो. त्यातलं तीन चतुर्थांश जरी पन्हळीनं उतरवून, वाळू-खडी-कोळशाच्या गाळणीतून विहिरीत सोडलं, तरी शेजारच्या विहिरींनाही त्याचा फायदा होतो. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, त्यात छपराची घाण असते. संडासाचा शोषखड्डा जवळ असेल तर पाणी तपासून घेईपर्यंत ते फक्त धुण्या-भांड्याला आणि झाडांना वापरा. मुलाला गाडी लावायला जागा हवी असेल, तर विहिरीच्या कठड्याला धरून लोखंडी पत्र्याची शेड करता येते. मिस्त्रीला बोलावून मोजून घ्या, आणि शेडचं पाणीही त्याच गाळणीत वळवा.