कोल्हापुरात राहून मोटरसायकल रेसिंग करता येईल का? खर्च किती, धोका किती?

तुमचं वय २३, घरात २०० सीसीची गाडी, आणि तुम्ही लिहिलंय की "गगनबावड्याच्या घाटात मला कुणी मागं टाकत नाही, आता खऱ्या रेसिंगमध्ये उतरायचंय. पैसे किती लागतील, धोका किती आणि घरच्यांना कसं पटवू?" पैशाचं खाली कुठंतरी येईल. पण त्या घाटाच्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. हेच वाक्य मी २०१८ पासून दर भाऊबीजेला ऐकतोय, आमच्या दाजींच्या तोंडून. त्यामुळं उत्तर थोडं लांबेल.

उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक पिलर ड्रिल. गाड्यांचा नाद शाळेपासूनचा. कॉलेजात असताना आरएक्स १०० होती, ती इतक्या वेळा खोलली की शेवटी घरात तिच्या इंजिनचे नट वाट्यांतून सापडायचे. पुढं सेकंडहँड यामाहा आर वन फाइव्ह घेतली आणि २०१८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, चेन्नैला जाऊन नवशिक्यांच्या गटात नाव घातलं. १६५ सीसीपर्यंतच्या स्टॉक, म्हणजे जवळजवळ कंपनीतून आल्या तशाच गाड्यांचा गट. माझ्या शेजारी उभी असलेली पोरं मिसरूड न फुटलेली. एकानं मला 'अंकल' म्हणून विचारलं, तुमचा मुलगा कुठल्या नंबरवर आहे?

घरी सांगितलं होतं, बंगळूरला मशीनच्या प्रदर्शनाला चाललोय. म्हणजे घरच्यांना कसं पटवायचं याचं उत्तर माझ्याकडं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच.

मित्राचा छोटा हत्ती, मागं दोऱ्यांनी आवळलेली गाडी, आईनं दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी (प्रदर्शनासाठी). कोल्हापूर ते बंगळूर सहाशे किलोमीटर, पुढं अजून तीनशे. ट्रॅक चेन्नैच्या अलीकडं, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टैला. तेव्हाचं नाव मद्रास मोटर रेस ट्रॅक, ३.७ किलोमीटर, बारा वळणं. १९९० पासून तिथं शर्यती होतात, त्याआधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या.

गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी तपासणी असते. आरसे, इंडिकेटर, स्टँड काढायचे. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंट सांडलं तर डांबर साबण लावल्यासारखं होतं आणि मागच्या दहा जणांची वाट लागते. आणि ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेनं बांधायचा. बोल्ट सैल झाला तरी फिरून गळून पडू नये म्हणून. आता तार बांधायची तर बोल्टच्या डोक्याला आरपार भोक पाहिजे, दीड मिलीमीटरचं. षटकोनी डोक्याच्या कडेवर ड्रिल टेकलं की घसरतंय. आधी कानशीनं बारीक सपाटी करायची, पंचाचा ठोका मारायचा, मग हळू, तेल सोडत. माझी तीन ड्रिलं मोडली, चौथं आरपार गेलं. तपासणाऱ्यानं ती तार बोटानं ओढून बघितली, बोल्टकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि फक्त मान हलवली. सांगतो तुम्हाला, पुढं शर्यतीत जे झालं ते झालं, पण ती मान हलवलेली मी विसरणार नाही. शेजारच्या पोरांनी बोल्ट आयते विकत आणले होते.

क्वालिफाइंगला, म्हणजे शर्यतीत कुणी कुठून सुटायचं ते ठरवणाऱ्या फेरीत, बावीस जणांत सतरावा आलो. सहा फेऱ्यांची शर्यत.

आता मजा काय असते ते ऐका, कारण दाजींना हे आजवर समजावता आलेलं नाही. आर वन फाइव्हची ताकद जेमतेम सतरा हॉर्सपॉवर. सरळ रस्त्यावर मूठ पूर्ण पिळून टाकीवर पोट टेकलं की गाडी एका वेगाला येऊन थांबते, पुढं जातच नाही. वारा हेल्मेटला धरून मागं ढकलत असतो. अशात पुढच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी, अगदी वीतभर अंतरावर शिरलात की एकदम वारा बंद. आवाज कमी होतो, हेल्मेटची थरथर थांबते, आणि इंजिन जे मघापासून अडलं होतं ते आणखी तीनशे-चारशे आरपीएम चढतं. कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखं. मग बाजूला निघायचं आणि ब्रेकच्या बोर्डापाशी (वळण किती मीटरवर आलं ते सांगणारे फलक) तो ब्रेक धरेपर्यंत आपण धरायचा नाही. दुसऱ्या फेरीत मी असा एकाला गाठला. शंभरच्या बोर्डाला त्यानं ब्रेक धरले, माझी मूठ अजून उघडीच. वळणात आत शिरताना हेल्मेटमधी मी एकटाच "जाळ अन् धूर संगटच" म्हणून ओरडलो. सोळावा नंबर! खासबागेत कुस्ती मारल्याचा आनंद.

चौथ्या फेरीत पडलो.

सगळ्यांना मी सांगितलंय की ट्रॅकवर ऑइल होतं. ऑइल नव्हतं. पुढचा पोरगा वळणात बाहेर गेला, मातीत उतरला, धूळ उडाली, आणि मी त्याच्याकडं बघत राहिलो. संपलं. मोटरसायकल जिथं नजर तिथं जाते, हे मला माहीत होतं, मी लोकांना शिकवलंही होतं. तरी बघत राहिलो. वळणात झुकलेलो असताना पुढचा ब्रेक धरला, गाडी ताठ झाली, सरळ निघाली, गवतावर चाक दुमडलं आणि मी उजव्या खांद्यावर आलो. पडायला वेळ लागत नाही हो. घसरायला लागतो. आपण कितीतरी वेळ घसरत असतो आणि मनात येतं, अजून थांबलो कसा नाही.

गाडी आडवी पडून मागचं चाक फिरवत ओरडत होती. पिवळा झेंडा हलवत मार्शल आले, एकानं इंजिन बंद केलं, तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी मराठीत म्हणालो, "माझं राहू द्या, गाडी बघा." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं खरंच जाऊन गाडी उचलली. मग मी हेल्मेटचा पट्टा सोडायला उजवा हात वर करायला गेलो, तर हात खांद्याच्या वर येईना. कॉलर बोन. मोटरसायकलवरून पडणाऱ्यांचं हे अगदी ठरलेलं हाड.

गळ्यात हात बांधून छोटा हत्तीत नऊशे किलोमीटर परत. हुबळीजवळ प्रत्येक खड्डा मोजला मी. प्रदर्शनात काय बघितलं, हे आईनं विचारलंच नाही. तिनं हात बघितला आणि थेट पेठेतल्या हाडवैद्याकडं नेलं, पैलवानांची हाडं बसवणाऱ्या. लेप लागला, पट्टी झाली, तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला तर हाड एकावर एक चढून जुळत होतं. मग ऑपरेशन, प्लेट. तुम्ही आधी एक्स-रे काढा, नंतर कुणाकडंही जा.

तर दवाखान्यात दाजी भेटायला आले. शहाळं घेऊन. खुर्ची ओढून बसले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय पावणं, पैसे भरून पडायला चेन्नैला कशाला जायला पायजे? गगनबावड्यात फुकट पडता येतंय की!" नर्ससुद्धा हसली. वर म्हणाले, "पंधरा वर्षं घाटात गाडी मारतोय, एकदा पडलो न्हाई." त्या दिवसापासून घरात मी पडणारा आणि दाजी रायडर.

आता तुम्हीच बघा. घाटात समोरून एसटी येते, तुमच्या लेनमधून. वळणावर खडी असते, पावसात दरडीची माती असते. गळीत हंगामात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात. कडेला मोकळी जागा असते, तुम्ही पडायच्या आधी झेंडा घेऊन माणूस उभा असतो, ॲम्ब्युलन्स चालू असते. अंगावर कातडी सूट, पाठीला गार्ड. मी ज्या वेगात पडलो त्या वेगात जीन्स घालून घाटातल्या कठड्यावर गेलो असतो तर हे उत्तर लिहायला नसतो. घाटात "कुणी मागं टाकत नाही" याचा अर्थ तुम्ही चांगले आहात असा होत नाही, बाकीच्यांना घरी पोचायचंय असा होतो. राग मानू नका, पण स्पष्टच सांगतो.

आणि दाजी पडले नाहीत, हे खोटं आहे. २०१६ च्या हंगामात, एका रात्री उशिरा, ते गाडी ढकलत वर्कशॉपला आले होते. हँडल वाकलेलं, क्लचचा लिव्हर तुटलेला, डाव्या बार-एंडचं, म्हणजे हँडलच्या टोकाचं लोखंड घासून तिरकं झालेलं. म्हणाले, "धुताना स्टँडवरनं पडली." बार-एंड डांबरावर लांबवर घासल्याशिवाय असा तिरका होत नाही, हे लेथवाल्याला सांगायची गरज नसते. फूटरेस्टच्या खाचेत उसाचा पाला अडकला होता. मी पाला काढला, हँडल सरळ केलं, नवा लिव्हर घातला आणि "ताईला सांगू नका" म्हणाले म्हणून आजवर सांगितलं नाही. ताई इथं वाचत नाही. दाजी वाचतात.

असो, खर्च. मला त्या एका शर्यतीला जुना सूट, बूट, टायर, प्रवेश फी, छोटा हत्तीचं डिझेल सगळं धरून पंच्याऐंशी हजार लागले, दवाखाना वेगळा. पण तुम्ही माझ्यासारखं करू नका. स्वतःची गाडी नेण्याआधी चेन्नै किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला होणाऱ्या प्रशिक्षणाला जा, काही ठिकाणी गाडी त्यांचीच मिळते. कंपन्यांचे वन-मेक कपही असतात, सगळ्यांना सारखीच गाडी, निवड चाचणी देऊन आत जायचं. नवख्याला तेच स्वस्त, शिवाय हरल्यावर गाडीला नावं ठेवता येत नाहीत. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लायसन्स लागतं, त्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र. आणि सुरुवात कोल्हापुरातच करा, मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर. कार्ट म्हणजे पोरखेळ नव्हे, वळणात कुठं शिरायचं, कुठं कडेला टेकायचं आणि नजर कुठं ठेवायची हे तिथं विनाप्लेट शिकता येतं.

हे सांगायचं राहिलंच: मी परत कधी शर्यतीत उतरलो नाही. त्या शर्यतीचा निकाल माझ्या नावापुढं 'पूर्ण केली नाही' असाच आहे. प्लेट अजून आत आहे, पावसाळ्यात दुखते, आणि लेथवर जड जॉब उचलताना मी डावा हात लावतो. तेव्हा माझ्या बोलण्यावर फार जाऊ नका. पण घाट सोडा, एवढं ऐका.

सूट वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. उजव्या खांद्याला चांभाराकडून ठिगळ मारून घेतलंय, बाकी ठणठणीत. छाती ४० असेल तर कळवा, कार्टिंग करून आलात की नेऊन वापरा. दाजींनी एकदा गुपचूप घालून बघितला होता. चेन पोटावर अडकली.