‘नाव कमी करणे’ म्हणजे हक्कसोड का?

यवतमाळकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: “बहिनीईचं नाव कमी केलं, आता वावर आमचंच,” असं गावात सर्रास बोलतात. तर ‘नाव कमी करणे’ आणि ‘हक्कसोड’, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदारासाठी सोडून देणे, यांचा अर्थ एकच का?

एक नाही. दोन्ही एकच समजल्यामुळेच पुढे भाऊबहिणी कोर्टात उभे राहतात.

‘कमी करणे’ हा महसूल खात्याचा रोजचा शब्द. ई-हक्क, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदींसाठी ऑनलाइन अर्ज करायची सोय, तिच्यातले अर्जांचे प्रकार पाहा: बोजा कमी करणे, मयताचे नाव कमी करणे, अज्ञान पालनकर्त्याचे (अ.पा.क.) नाव कमी करणे, एकत्र कुटुंब मॅनेजरची (ए.कु.मॅ.) नोंद कमी करणे. या सगळ्यांत मूळ गोष्ट आधीच घडलेली असते. कर्ज फिटलं, माणूस वारला, पोरगा सज्ञान झाला. पटवारी त्याची फक्त नोंद घेतो. हयात वारसाचं नाव कमी व्हायलाही तसंच काहीतरी आधी घडावं लागतं, आणि बहुतेक घरांत ते म्हणजे हक्कसोडपत्र.

हक्कसोडपत्र हा दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा दस्त आहे. नोटरी केलेला स्टॅम्पपेपर, तहसीलमधलं प्रतिज्ञापत्र किंवा पटवाऱ्यासमोरचा जबाब यांनी जमिनीतला हक्क सुटत नाही. दस्तात गट क्रमांक, क्षेत्र, सोडणारीचा हिस्सा आणि तो कोणाच्या लाभात सोडला हे स्पष्ट लिहावं. दोन भाऊ असून दस्तात एकाचंच नाव आलं, तर तो हिस्सा त्या एकाकडेच जातो. दुसऱ्याला हे फेरफार निघाल्यावर कळतं. हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्याच लाभात. तिऱ्हाइताला द्यायचं तर खरेदीखत किंवा बक्षीसपत्र लागतं. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीवर मुलीकडून हक्कसोड लिहून घेण्यात अर्थ नाही. जो हक्क अजून आलाच नाही, तो सोडता येत नाही.

याच ओघात ‘वारसान’ (वारस मंडळी) हा शब्दही येतो. फारसी वळणाचं हे अनेकवचन आहे, म्हणून ‘मयताचे वारसान’ बरोबर. आपल्याकडे मात्र ‘वारसान चढवणे’ म्हणजे ती सगळी प्रक्रियाच. मृत्यूचा दाखला, अर्ज आणि सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र दिलं की पटवारी गाव नमुना ६-क (वारस नोंदवही) मध्ये नोंद करतो, मग नमुना ६ (फेरफार नोंदवही) मध्ये फेरफार धरतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. खरी गफलत होते ती प्रतिज्ञापत्रात: लग्न झालेल्या मुलींची नावं लिहिलीच जात नाहीत. पण नाव गाळलं म्हणून हक्क जात नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाइतकीच जन्मतः हिस्सेदार आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही.

भावांची अडचण खोटी नसते, हेही सांगायला हवं. पीककर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात आणि बहीण नांदते दूर गावी. पण त्यासाठी हक्क सोडायला लावणं मला पटत नाही. बँकेला आणि पीकविम्याला संमतीपत्र चालतं का, हे आधी विचारावं.

सातबाऱ्यावर भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं, तर तो एकटा मालक नसून कुटुंबातर्फे नाव लागलेला आहे, असं वाचावं. आणि वारस नोंदीत नाव गाळलेलं कळलं, तर १५ दिवसांच्या आत पटवाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. नोंद प्रमाणित होऊन गेली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याची मुदत ६० दिवसांची आहे.