दाढीचा छोटा ब्रश घेऊ का?

घे की, पण कशासाठी ते आधी ठरव. बुडाशी 18 मिलिमीटरच्या आसपास जाडीचा केसांचा झुबका असलेला ब्रश मिशीखाली, नाकाजवळ नेमका फिरतो, लवकर वाळतो, प्रवासात बॅगेच्या कोपऱ्यात मावतो. मात्र पाणी कमी धरतो. डिसेंबरात नाशिकची थंडी पडली की दुसऱ्यांदा वस्तरा फिरवेपर्यंत फेस गार आणि पातळ. पुन्हा साबणावर घासत बसा. दाढी दाट असेल तर कंटाळशील. वाटीत फेस करायच्या भानगडीत पडू नकोस, ब्रशची मूठ आखूड असल्याने बोटंच साबणात बुडतात. थेट गालावर फिरव. बोअरचं जड पाणी असेल तर साबण जरा सढळ घे. आणि पहिला ब्रश सिंथेटिकच बरा. डुकराच्या केसांचा आधी भिजवत ठेवावा लागतो, सकाळी कुणाला वेळ आहे?