पावसाच्या तोंडावर नवं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी परदेशातून कायमची परततेय, सोबत तिकडची सून नाहीतर जावई आहे, आणि बिऱ्हाड आपल्या मुलखात थाटायचंय, अशी पत्रं या खेपेला बरीच आली. बहुतेकांना धास्ती उन्हाची. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे. इथलं ऊन वळीव पडला की नरमतं. नव्या माणसाला टेकीला आणते ती जून ते सप्टेंबरची ओल. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : नंदगडला (ता. खानापूर) आमचं जांभ्याचं कौलारू घर आहे. मुलगा आणि डच सूनबाई जूनमध्ये येणार. तिची पुस्तकं, कातडी बूट, कॅमेरा आधीच आलंय. दर पावसाळ्यात आमच्या कपाटांना बुरशी धरते. घराला आतून ऑइलपेंट मारून घ्यावा का?

ऑइलपेंट मुळीच नको. आधी ओल कुठून येते ते बघा. मे महिन्यातही गेल्या वर्षीच्या खुणा भिंतीवर असतात. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा आणि त्यावर पांढरं मीठ फुललेलं असेल, तर भिंत जमिनीतून पाणी ओढतेय. वरून खाली ओघळ असतील तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. कपाटामागं, कोपऱ्यात, गादीखाली काळे ठिपके असतील तर दोष दमट हवेचा. शंका राहिली तर जुलैत फूटभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला लावा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या अंगाला धरले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या अंगाला धरले तर हवेतली.

जांभा सच्छिद्र असतो. पाणी ओढतो तसं ते बाहेरही सोडतो. आतून ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफ पुट्टी लावली की वाट बंद होते, आणि श्रावणापर्यंत फुगे येऊन पापुद्रे गळायला लागतात. चुन्याचा गिलावा आणि वर चुनाच बरा. खरा इलाज भिंतीच्या बाहेर आहे. वर्षानुवर्षं अंगणात माती टाकून जोतं बुडालेलं असतं. ती माती जोत्याच्या खाली किमान वीतभर उतरवा, अंगणाला भिंतीपासून लांब उतार द्या, आणि पागोळ्या जिथं पडतात तिथं चर काढून पाणी गटाराला लावा. शाकारणी मेच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. मृग लागल्यावर गडी मिळत नाही आणि शेवाळलेल्या कौलावर चढणं धोक्याचं.

जुन्या घरात चुलीचा धूर वाशांतून फिरायचा, त्यानं लाकूड कोरडं राहायचं आणि कीड कमी लागायची. गॅस आला, धूर गेला. गेला ते डोळ्यांसाठी चांगलंच झालं, पण आता ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं.

सगळं घर कोरडं ठेवण्याचा हट्ट धरू नका. एकच खोली 'कोरडी खोली' करा : शक्यतो मातीच्या जमिनीला न टेकलेली, दारं-खिडक्या घट्ट लागणारी. बारा बाय बाराच्या खोलीला दिवसाला दहा-बारा लिटर पाणी ओढणारं डीह्युमिडिफायर पुरतं. सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा आणि काटा ५५ ते ६० टक्क्यांत राखा. सत्तरीच्या वर गेला की बुरशी धरते. यंत्र अडीचशे वॉटचं असेल तर आठ तासांना दोन युनिट जातात. यंत्र चालू असताना खिडकी उघडी राहिली तर ते खानापूर तालुक्याची हवा वाळवत बसेल. बाकीच्या खोल्यांना पाऊस उघडला की दुपारी वारा द्या आणि संध्याकाळी पुन्हा बंद करा.

कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे फक्त बंद कपाटात कामाचे. त्यांत साठणारं पाणी खारट असतं, बुटांवर किंवा बिजागरीवर सांडलं तर कातडं आणि लोखंड दोन्ही खातं. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा चालतं. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ आत जातं. बुटांवर बुरशी दिसली तर घरात कोरड्या ब्रशनं झाडू नका, ती उडून सगळीकडं बसते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. बाहेर नेऊन स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, मग पॉलिश करा. एका कोपऱ्यावर आधी लावून बघा. काही कातड्यांचा रंग जातो.

आणि शक्य असेल तर सूनबाईंना नोव्हेंबरातच बोलवा की!

प्रश्न : जावई अमेरिकेतून मिक्सर, टोस्टर, कॉफीचं यंत्र घेऊन येतोय. टिळकवाडीत चालेल का?

आणू नका म्हणून सांगा. तिकडं १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडं २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ तसेच राहतात. काही मोटारी हळू फिरून तापतात. तापणारी यंत्रं चालतील, पण हजार वॉटच्या टोस्टरला दीड हजार वॉटचा, वीटभर जड ट्रान्सफॉर्मर ओट्यावर मांडावा लागेल. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यांना फक्त पिन बदलायची.

त्यापेक्षा पैसे अर्थिंगवर घाला. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या भोकामागं वायरच नसते. वायरमनकडून तपासून घ्या, आणि मुख्य बोर्डवर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण, बसवा. ओल्या भिंती आणि अनवाणी पाय एकत्र आले की त्याची किंमत कळते. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की टीव्ही आणि राउटरच्या पिना काढा, राउटरची केबलसुद्धा.

प्रश्न : सून ब्रिटिश पासपोर्टची. लग्न नोंदवून दीड वर्ष झालं. आमच्या जुन्या कागदांवर 'बेलगाम', नव्यावर 'बेळगावी', वीजबिल कानडीत. हिंडलग्यात राहायचंय. कुठून सुरुवात करू?

ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवूनही भारतात कायम राहता येतं त्या कार्डासाठी, नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं व्हावी लागतात, म्हणजे सहा महिने थांबणं आलं. तोवर नवऱ्याच्या नात्यानं मिळणारा एंट्री व्हिसा. तो १८० दिवसांहून लांबचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी ऑनलाइन करायची. शिवाय ज्यांच्या घरी ती उतरेल त्यांनी २४ तासांत तिची माहिती परदेशी नागरिक नोंदणीच्याच पोर्टलवर भरायची. घरचीच सून आहे, कशाला, असं म्हणून सासरची मंडळी नेमकी हीच पायरी गाळतात. आधारसाठी गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात वास्तव्य लागतं, त्यामुळं पहिल्याच महिन्यात रांगेत उभं राहून उपयोग नाही.

शहराचं नाव सरकारदरबारी १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं. जुने दाखले बदलत बसू नका. नवे अर्ज मात्र सगळे 'बेळगावी' याच एका स्पेलिंगनं भरा. कानडी बिलाचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत ठेवा. भाड्याचं घर असेल तर करार इंग्रजीतच करा.

खरी अडचण नावाची होते. लग्नात हौसेनं तांदळात लिहिलेलं नाव आणि मधे नवऱ्याचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. पासपोर्टवर आहे तेच, त्याच क्रमानं. आणखी एक, शेतजमीन तिच्या नावानं विकत घ्यायचा विचार असेल तर तो ओसीआय मिळाल्यावरही होणार नाही.

प्रश्न : येळ्ळूरच्या शेतघरात विहिरीचं पाणी. नातवंडं फ्रान्समधून येतायत. ब्लीचिंग पावडर किती टाकायची?

हजार लिटरला अडीच ग्रॅम, ताज्या पावडरीची. विहिरीची रुंदी मीटरात मोजा, तिचा त्याच आकड्याशी गुणाकार करा, पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ०.७८५ नं, आलेला आकडा घनमीटर, म्हणजे हजार-हजार लिटर. अडीच मीटर रुंद आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण १९,६०० लिटर, त्याला पन्नास ग्रॅम. पावडर थोड्या पाण्यात कालवून बादली पाऊण भरा, दहा मिनिटं निवळू द्या, आणि वरची निवळीच विहिरीत सोडा. तळाचा चुना टाकला तर पाणी जड होतं. निवळीची बादली पाण्याखाली नेऊन वर-खाली हिसडा. निदान तासभर उपसा नको. रात्री केलेलं सोयीचं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर मोजून टाकली तरी तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं.

पिण्याचं पाणी तरीही उकळा : खळखळून एक मिनिट. जुलाब लागलेच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ अंदाजानं घालू नका. लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा मूल सुस्तावलं तर घरी थांबू नका.

प्रश्न : डेंगीच्या भीतीनं संध्याकाळी दारं लावतो. पुरे का? (निपाणी)

डेंगीचा डास दिवसा चावतो. कुंडीखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे, टाकीचं झाकण आठवड्यातून एकदा रिकामं करून घासा; नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. ताप आला तर पॅरासिटामॉलच द्या. पाहुण्यांच्या बॅगेत हमखास आयबुप्रोफेन असतं. डेंगी नाही हे ठरेपर्यंत ते आणि ॲस्पिरिन बंद, रक्तस्रावाचा धोका वाढतो.