पणजीत गोव्याचा इतिहास आणि कुत्र्या-मांजरांची निगा, दोन्हींवरची पुस्तकं एकाच ठिकाणी कुठे मिळतील?

पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आधी बघा. १८३२ पासूनचं ग्रंथालय, त्यामुळे गोव्याच्या इतिहासाला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. तिथे इतिहासकार दा. ध. कोसंबींचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मागा आणि शेवटचं प्रकरण आधी वाचा: जुन्या काबिजादीतली (पोर्तुगीजांनी गोव्यात आधी जिंकलेल्या भागातली) गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन आणि तिच्याभोवतीचा समाज. जरा जड आहे, पण वाचाच. प्राण्यांची निगा ड्युई वर्गीकरणात (ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायची पद्धत) ६३६ खाली येते, कुत्री ६३६.७, मांजरं ६३६.८. फक्त पुस्तकातले औषधांचे डोस घरी देऊ नका. आपली साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.