बॅले शिकवायला शिकताना

प्रश्न : मी २६ वर्षांची असून वयाच्या आठव्या वर्षापासून मुंबईत बॅले शिकले आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा दिल्या आहेत आणि गेली चार वर्षे लहान मुलांचे वर्ग घेते. येत्या सप्टेंबरपासून न्यूयॉर्कमध्ये बॅले अध्यापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला आहे. मी व्यावसायिक कंपनीत कधीच नाचलेले नाही, आणि बरोबरचे काही जण रंगमंच गाजवून आलेले असतील, या विचाराने मन खचते. जाण्यापूर्वी कशाची तयारी करावी? तेथे शिकवण्या घेऊन खर्च भागवता येईल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : प्रथम तुमचे मनापासून अभिनंदन. तुम्हाला जी उणीव वाटते, तिच्यापासूनच सुरुवात करते. नाचता येणे आणि नाच शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि तुम्ही निघाला आहात ते दुसरे शिकायला. वर्षानुवर्षे रंगमंचावर वावरलेल्या नर्तकाच्या अंगात हालचाली इतक्या मुरलेल्या असतात, की सात वर्षांच्या मुलीला तीच हालचाल का जमत नाही, हे त्यालाही नव्याने शोधावे लागते. तुम्ही ते चार वर्षे शोधत आल्या आहात.

एक साधे उदाहरण घेऊ. बारला (आधाराच्या आडव्या दांडीला) उभी असलेली मुलगी प्लिए, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाण्याची हालचाल, करते आणि तिचे गुडघे बोटांच्या रेषेत न राहता आत झुकतात. आपण सवयीने ‘गुडघे बाहेर’ म्हणतो. ती गुडघे ढकलते, तरी पावलाची कमान खाली बसलेली आणि भार अंगठ्याकडे गेलेला तसाच राहतो. कारण वर असते. टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळणे, खुब्याच्या सांध्यातून यायला हवा. तेथे जेवढे वळते त्याहून अधिक तिने पावले जमिनीवर वळवून ठेवलेली असतात, आणि उरलेला पीळ गुडघ्याला व घोट्याला सोसावा लागतो. अशा वेळी पावलांमधील कोन कमी करणे हाच उपाय असतो, मग पालकांना ते कमी ‘सुंदर’ वाटले तरी चालेल. म्हणून जाण्यापूर्वी खुबा, गुडघा आणि घोटा यांची रचना नीट वाचून ठेवा. मुलीला पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याचे बूट) कधी द्यायचे, या प्रश्नाचे उत्तरही तिच्या वयापेक्षा तिच्या हाडांच्या वाढीत आणि पोट, पाठ व पावलांच्या ताकदीत शोधायचे असते.

दुसरी गोष्ट संगीताची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बॅलेचे वर्ग बहुतेक ठिकाणी ध्वनिमुद्रित संगीतावर चालतात. न्यूयॉर्कमधील चांगल्या वर्गात कोपऱ्यात पियानोवादक बसलेला असतो. तेथे शिकत असताना मी पहिल्यांदा वर्ग घ्यायला उभी राहिले, व्यायाम दाखवला आणि सुरू करण्याची खूण केली. वादकाने हात पट्ट्यांवर ठेवले आणि शांतपणे विचारले, “तीनचे की चारचे?” माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तोवर ते माझ्यासाठी कोणीतरी आधीच मुद्रित करून ठेवलेले असे. कथक शिकवणाऱ्या बाई तबल्याच्या साथीदाराला ताल आणि लय सांगून मगच पढंत (बोल म्हणणे) सुरू करतात. तसेच तीन मात्रांचा वॉल्ट्झ हवा की दोन-चार मात्रांचा मार्च, लय किती, सुरुवातीला किती मात्रा सोडायच्या, हे बॅलेच्या शिक्षिकेला व्यायाम दाखवतानाच्या आवाजातूनच पोहोचवता आले पाहिजे. आजपासून वर्गातील एक तरी व्यायाम रोज यंत्राशिवाय, तोंडाने मोजून घ्या.

तुमचे शिक्षण एकाच पद्धतीत झाले आहे, याचीही जाणीव असू द्या. तुमच्या अकॅडमीच्या पद्धतीत अरबेस्क (एका पायावर उभे राहून दुसरा मागे ताणण्याच्या स्थिती) तीन, रशियन वागानोवा पद्धतीत चार आणि इटालियन चेकेत्ती पद्धतीत पाच. त्यामुळे ‘तिसरा अरबेस्क’ म्हटल्यावर एकाच खोलीतील जण वेगवेगळ्या तऱ्हेने उभे राहू शकतात. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलेंशिन यांनी १९३४ मध्ये ज्या शहरात शाळा काढली, तेथे त्यांची शैली तर पावलोपावली भेटते. अमेरिकन बॅले थिएटरने फ्रेंच, इटालियन आणि रशियन परंपरांमधून घेऊन वयानुसार पायऱ्यांचा अभ्यासक्रम तयार केला, तोही अवश्य पाहा. स्वतःची पद्धत खरी ठरवण्याच्या वादात पडू नका. प्रत्येक पद्धत ती गोष्ट त्या क्रमाने का शिकवते, हे विचारत राहा.

आता पैशांचे. येथे मी स्पष्टच सांगते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. ओळखीच्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या शिकवण्या रोख घेऊन केल्या, तरी तो नियमभंग ठरतो आणि व्हिसा धोक्यात येतो. अशा शिकवण्यांचा भरवसा अंदाजपत्रकात धरू नका. पदवीनंतर परवानगी घेऊन आपल्या विषयात १२ महिने काम करता येते. तेथील सरकारी शाळांत नृत्यशिक्षक व्हायचे असेल तर राज्याचे प्रमाणपत्र लागते, आणि बॅले अध्यापनाची प्रत्येक पदवी तेथवर नेत नाही. हे विद्यापीठाला आत्ताच लेखी विचारा.

राहण्याविषयी थोडक्यात : वर्ग मॅनहॅटनमधील वॉशिंग्टन स्क्वेअरच्या आसपास असतील तर क्वीन्समधील जॅक्सन हाइट्समधून ‘आर’ गाडी थेट जाते, आणि जर्सी सिटीतून पाथ रेल्वे सोयीची पडते. लिंकन सेंटर येथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या नृत्य विभागात नृत्याच्या चित्रफितींचा प्रचंड साठा विनामूल्य पाहता येतो. तेथे जायला पहिल्याच महिन्यात सुरुवात करा.

निघण्यापूर्वी एक काम मात्र करा. सध्याच्या वर्गातील पाच मुले निवडा आणि प्रत्येकाला काय जमत नाही, तुम्ही काय सांगून पाहिले आणि त्याने काय फरक पडला, हे तारखेनिशी वहीत लिहा. पाठाचे आराखडे लिहिण्याचे काम पहिल्या सत्रातच अंगावर येते, आणि त्या वेळी ही वही तुमच्या बॅगेत असायला हवी.